तिसऱ्या देशातला एक जादा दिवस

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी अकरा पासपोर्ट लिफ्टमध्ये अडकले. माणूस एकही नव्हता, नुसते पासपोर्ट.

झालं असं, की दूतावासात न्यायच्या फायलींचे दोन गठ्ठे होते. पहिला मी लिफ्टमध्ये ठेवला आणि दुसरा आणायला चार पावलं मागे वळले. तेवढ्यात दार मिटलं. लिफ्ट आपली आपण वर निघाली आणि चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये गचका देऊन थांबली. दूतावासाची खिडकी साडेअकराला बंद होते. चालत वीस मिनिटं लागतात.

"अगं गाळणी, त्यांच्याबरोबर तूही बसायचंस ना आत!" आत्या जिन्यातून ओरडली.

आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या आणि ऑफिसची मालकीण. परदेशी जाणाऱ्यांचे व्हिसाचे कागद तयार करून देणं हा तिचा तीस वर्षांचा धंदा, आणि ते कागद तपासणं हे माझं आठ वर्षांचं काम. माझ्या हातून चूक निसटत नाही, म्हणून तिनं मला गाळणी हे नाव ठेवलंय. आठ वर्षांत मी तपासलेली एकही फाइल कागदांत खोट आहे म्हणून परत आलेली नाही. त्या सकाळी मात्र मी स्वतःच अकरा फायली गाळून बसले होते.

दहा पंचावन्नला लिफ्टवाला आला. खांद्यावर अवजारांची पिशवी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत, चाल निवांत.

"किती जण अडकलेत?"

"अकरा," आत्या म्हणाली.

त्याचा चेहराच उतरला. दोन-दोन पायऱ्या गाळत तो वर धावला आणि लिफ्टच्या दाराला कान लावून ओरडला, "घाबरू नका! खाली बसून राहा! दाराला हात लावू नका!"

आतून अर्थातच काही उत्तर आलं नाही.

"बेशुद्ध पडलेत बहुतेक," तो घाईनं किल्ली काढत म्हणाला.

"अहो... पासपोर्ट आहेत ते," मी म्हटलं.

त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. आधी रागानं. मग ओठ दाबून. आणि मग जिन्यात बसकण मारून तो इतका हसला, की मला घड्याळ दाखवून त्याला उठवावं लागलं.

दार उघडलं तेव्हा लिफ्टची फरशी त्याच्या छातीशी होती. गठ्ठा गचक्यानं सुटला होता. तो हात आत घालून एकेक पासपोर्ट काढून मला देऊ लागला.

"हात पुसा आधी. तेलाचा डाग पडला तर खिडकीवर घेत नाहीत."

त्यानं हात पँटला पुसले. "हे कुठे निघालेत?"

"नवराबायको आहेत. मुलीकडे."

"आणि हे?"

"कामासाठी. जरा भराभर द्याल का?"

शेवटचा, अकरावा पासपोर्ट त्यानं हातातच धरून ठेवला. "यांच्यात जमिनीवरून जाणारं कोणी आहे? विमान न घेता?"

"एकही नाही."

"मला जायचंय. पाच देश. बसनं, रेल्वेनं, जमेल तिथे पायी. पाठीवर सॅक." तो हे इतक्या हळू बोलला, जणू लिफ्टला ऐकू जाऊ नये. "काय काय लागतं त्याला?"

अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. "साडेपाचनंतर या. आता तो द्या."

मी खिडकीपाशी पोचले तेव्हा अकरा अठ्ठावीस झाले होते. धावल्यामुळे छाती धडधडत होती... असं मी स्वतःला सांगितलं.

तो साडेपाचला वर आला. पाचला पाच कमी असतानाच येऊन तो खाली थांबला होता, हे मला आत्यानं नंतर सांगितलं. त्यानं एक कागद पुढे ठेवला. पाच देश त्यानं एकावर एक काढले होते, इमारतीच्या मजल्यांसारखे, आणि प्रत्येकाशेजारी दिवस लिहिले होते.

मी वरून, म्हणजे पाचव्या देशापासून वाचायला घेतलं.

"तुम्ही परत आलाच नाहीत," मी म्हटलं.

"अं?"

"पाचवा देश बावीस दिवसांचाच व्हिसा देतो. तुम्ही पंचवीस दिवस राहताय."

"तुम्ही शेवटापासून का वाचताय?"

"नेहमीच वाचते. सुरुवातीचे कागद माणूस जपून करतो. शेवटाकडे येईतो कंटाळतो, आणि चुका तिथेच होतात."

तो टेबलावर किंचित पुढे झुकला. "म्हणजे मी निघायच्या आधीच तुम्ही माझी वाट बघायला लागलात?"

पलीकडच्या टेबलावर आत्याला एकदम खोकला आला.

मी पेन्सिलीनं पंचवीसचे बावीस केले. "पाचव्या देशात एवढं आहे तरी काय?"

आणि मग तो सांगायला लागला. तिथे एका डोंगराच्या कुशीत बोटींची लिफ्ट आहे. खालच्या कालव्यातली बोट पाण्यासकट उचलून वरच्या कालव्यात नेऊन ठेवते. वीज नाही, इंजिन नाही. एका हौदात पाणी वाढवायचं, की तो खाली जातो आणि दुसरा वर येतो. दहा वर्षांपूर्वी त्यानं कुठल्याशा मासिकात तिचा आराखडा पाहिला, तेव्हापासून ती बघायची आहे. या हंगामानंतर ती बंद होणार होती. पुढे नुसती उभी ठेवणार, चालवणार नाही.

"मग विमानानं जा ना थेट. तीन दिवसांत बघून याल."

"दहा वर्षं मी लोकांना थेट वर नेतोय," तो म्हणाला. "मधले मजले कोणीच बघत नाही. मला मधले मजले बघायचेत."

मी अर्जातल्या 'विमान क्रमांक' या रकान्यावर आडवी रेघ मारली.

पुढचे सहा आठवडे तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी आला. कामच तेवढं होतं, असं मी आत्याला सांगायचे. आणि ते खोटंही नव्हतं. पहिल्या देशाला लस टोचल्याचं पिवळं कार्ड हवं होतं. दुसऱ्या देशाचा व्हिसा हातात पडल्या दिवसापासूनच संपायला लागतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढायचा. तिसरा देश विमानतळावर उतरणाऱ्याला तिथल्या तिथे पंधरा दिवस देतो, पण जमिनीवरून येणाऱ्याला आधी व्हिसा लागतो, तीस दिवसांचा, एकाच प्रवेशाचा. बाहेर पडलात की पुन्हा आत पाऊल नाही. चौथ्याला समोरासमोर दोन कोरी पानं हवीत. आणि पाचवा सगळ्यांत खडूस. आधीच्या कुठल्याही देशात मुदतीपेक्षा एक दिवस जास्त राहिल्याचा शेरा पासपोर्टवर दिसला, तर दारातूनच परत.

"एका दिवसासाठी?" त्यानं विचारलं.

"एका तासासाठीसुद्धा."

"मग मी तुमच्या कागदाच्या बाहेर एक तासही राहणार नाही."

फोटोच्या दिवशी तो पावसात भिजून आला. ऑफिसची एक भिंत आम्ही पांढरी ठेवली आहे, तिच्यापुढे मी त्याला उभं केलं.

"केस कोरडे करा. कान दिसू द्या. हसू नका."

"मी हसत नाहीये. चेहराच असा आहे."

"मग चेहरा बंद करा."

"किल्ली तुमच्याकडे आहे."

"आत्या, हे बघ ना गं!"

"मी काही बघत नाहीये," आत्या कागदांतून मान न काढता म्हणाली. "चालू द्या तुमचं."

पाच फोटो बाद झाले. सहाव्यात तो हसला नाही, पण डोळ्यांचं काय करणार? डोळ्यांबद्दल नियमांत काही लिहिलेलं नाही. मी तो फोटो चालवला. बाद झालेल्या पाचांतला एक माझ्या खणात राहिला. कसा राहिला, कोण जाणे.

एका शुक्रवारी आम्ही तिसऱ्या देशाचे दिवस मांडत होतो. पाच तारखेला आत. तीस तारखेपासून तीन तारखेपर्यंत डोंगरातली पायवाट. तीनच्या संध्याकाळी खाली तळ्याकाठच्या गावात मुक्काम, चारला सकाळी बस, आणि घाटातल्या फाटकातून चौथ्या देशात.

"तळ्यापाशी एकच रात्र?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"का? काय आहे तिथे?"

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. "काही नाही. एकदा एक निवृत्त शिक्षिका जाऊन आल्या होत्या. त्या सांगत होत्या... सकाळी वारा सुटायच्या आधी पाणी इतकं स्थिर असतं, की पलीकडच्या काठावरची माणसं बोलतात ते अलीकडे ऐकू येतं. शब्दन् शब्द."

"तुम्ही गेलायत?"

"मी?" मला हसू आलं. "लोकांच्या सुट्ट्या म्हणजे आमचा हंगाम. पासपोर्ट आहे, आत्यानं करून घेतला. शिक्का एकही नाही."

त्यानं कागदावरच्या तिसऱ्या देशावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तिथे एक दिवस वाढवा. मी ऐकून येतो, खरंच ऐकू येतं का. आणि तुम्हाला सांगतो."

मी चारच्या जागी पाच लिहिलं. पाच तारखेला आत, पाच तारखेला बाहेर. डोळ्यांना किती नीट दिसलं ते! मी खाली सही केली.

तो निघाला त्या सकाळी मी बसस्टँडवर गेले. फाइलची एक जादा प्रत द्यायची होती, एवढंच. त्याची सॅक पाहून मी म्हटलं, "स्क्रू ड्रायव्हर तरी घरी ठेवायचे होतेत."

"एकच घेतलाय. एकटं वाटू नये म्हणून."

"जपून जा," मी म्हटलं. पुढेही काहीतरी म्हणायचं होतं. बस वेळेवर सुटली. या बसेस एरवी कधी वेळेवर सुटतात?

पहिला निरोप चौथ्या दिवशी आला. 'पहिली सीमा. अकरा मिनिटांत आटपत होतं. मग विचारलं, सॅकमध्ये धारदार काही? म्हटलं, स्क्रू ड्रायव्हर. मग बेचाळीस मिनिटं.'

मी उत्तर लिहिलं, 'सांगितलं होतं मी तुम्हाला.'

'तुला सांगायची सवयच आहे,' त्यानं लिहिलं. आणि लगेच दुसरा निरोप, 'चालेल ना? तू म्हटलेलं?'

मी अकरा मिनिटं विचार केला. मग लिहिलं, 'चालेल. तूही सांभाळून राहा.'

आत्या म्हणाली, "फोनकडे बघून हसायचं असेल तर खिडकीकडे पाठ करून बस. गिऱ्हाइकांना वाटतं, त्यांच्या फोटोला हसतेस."

त्यानंतर रोज काहीतरी यायचं. दुसऱ्या सीमेवरच्या अधिकाऱ्यानं माझे कागद पाहून विचारलं, हे कोणी केलं? त्यानं सांगितलं, आमच्याकडची एक गाळणी आहे. तिसऱ्या देशात एका जुन्या हॉटेलातली बंद पडलेली लिफ्ट त्यानं चालू करून दिली आणि मालकानं त्याला गच्चीवरची खोली दिली. मग एकोणतीस तारखेला लिहिलं, 'उद्यापासून डोंगर. फोन लागणार नाही. तळ्याकाठीही नेटवर्क नाही म्हणतात. चौथ्या देशात पोचलो की बोलतो. तळ्याचं लक्षात आहे.'

दोन तारखेला सकाळी अकरा वाजता माझ्यापुढे एका फोटोग्राफर बाईंची फाइल होती. तोच तिसरा देश, तोच तीस दिवसांचा व्हिसा. त्यांनी सात ते सात लिहिलं होतं.

"चुकलंय," मी म्हटलं. "सात ते सात म्हणजे एकतीस दिवस. आत शिरायचा दिवसही धरतात आणि बाहेर पडायचाही. सहालाच बाहेर पडा."

बाईंनी मान डोलावली. मी पेन्सिल उचलली... आणि हात तिथेच थांबला.

पाच ते पाच.

मी उठले, कपाटातून त्याची फाइल काढली, बोटांवर मोजलं. मग कॅलेंडरवर मोजलं. मग पुन्हा बोटांवर. एकतीस. मूळचा आराखडा बरोबर होता. त्यात मी एक दिवस घातला होता, आणि तोसुद्धा माझ्या हौसेसाठी. पाच तारखेला तो फाटकावर जाणार, त्याच्या पासपोर्टवर शेरा पडणार, आणि पाचवा देश त्याला दारातूनच परत पाठवणार. दहा वर्षं जी लिफ्ट बघायची होती, ती माझ्या सहीनं हुकणार होती.

फोन लागला नाही. निरोप पोचले नाहीत. तळ्याकाठच्या मुक्कामाच्या घरी फोन होता, तो वाजून वाजून बंद झाला. सोळा वेळा.

"आत्या," मी म्हटलं, "चुकले मी."

तिनं चष्मा डोक्यावर सरकवला, फाइल पाहिली, मोजलं. मी वाट बघत होते, आता बोलेल, मग बोलेल.

"गाळणीला भोकं असतातच गं," ती म्हणाली. "नाहीतर चहा कपात पडणार कसा?" मग घड्याळ पाहिलं. "चार तारखेला फाटक किती वाजता बंद होतं?"

"दुपारी चारला."

"आणि तो तळ्यापाशी कधी येतोय?"

"तीनच्या संध्याकाळी."

"मग चारच्या सकाळी कोणीतरी तिथे हजर पाहिजे. विमानतळावर उतरणाऱ्याला तो देश पंधरा दिवस देतो, असं गिऱ्हाइकांना रोज कोण सांगतं?"

"मी... पण आत्या, हंगाम..."

"मी तीस वर्षांपूर्वी हे ऑफिस एकटीनं उघडलं. चार दिवस चालवीन. पासपोर्ट काढ तुझा."

पासपोर्ट खणात होता, त्याच्या फोटोखाली. मुदत संपायला सहा महिने आणि नऊ दिवस बाकी. तिसऱ्या देशाला सहा महिने लागतात. नऊ दिवस माझ्या पदरात जादा पडले होते.

माझ्या आयुष्यातलं पहिलं विमान तीन तारखेला सकाळी सुटलं. तिसऱ्या देशाच्या विमानतळावर उतरून मी रांगेत उभी राहिले. आठ वर्षं मी लोकांना पढवलं आहे, 'येण्याचं कारण विचारलं की एकच शब्द सांगा, पर्यटन. फाटे फोडू नका.'

"येण्याचं कारण?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"एका माणसाला एक तारीख सांगायची आहे," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. "फोन करता येत नाही?"

"सोळा वेळा केला."

"कोण लागतो तो तुमचा?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यानं माझ्याकडे आणखी एकदा पाहिलं, कोऱ्या पानावर शिक्का मारला आणि म्हणाला, "पळा."

सहा तासांच्या बसनं मी डोंगराच्या पायथ्याच्या गावात पोचले, तिथेच मुक्काम केला, आणि चार तारखेला साडेसहाच्या पहिल्या बसनं तळ्याकडे निघाले. आठ चाळीसला उतरले. वारा अजून सुटला नव्हता. तळं समोर होतं, करडं आणि गुळगुळीत, आणि काठावर कोणीच नव्हतं.

मी श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात ऐकू आलं...

"नाही नाही, दोर घासतोय तो चाकात धूळ गेल्यामुळे. तेल नुसतं वरून सोडून काय होणार? आधी पुसा."

शब्दन् शब्द. पलीकडच्या काठावर, बोटी ओढून घ्यायच्या रहाटापाशी, एक ठिपका दुसऱ्या ठिपक्याला समजावत होता.

"अहो लिफ्टवाले!" मी म्हटलं. ओरडले नाही. ओरडायची गरजच नव्हती.

ठिपका थांबला. वळून पाण्याच्या कडेशी आला. मग पाण्यावरून अगदी शेजारी बसल्यासारखा आवाज आला, "...गाळणी?"

"आज चार तारीख आहे! उद्यापर्यंत थांबू नकोस! माझी चूक झाली, एकतीस दिवस होतात! आजच फाटक..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"एकतीस होतात ते. थांब तिथे. हलू नकोस. मी येतो."

त्यानं रहाटवाल्याचीच बोट घेतली. मी उभी राहून ती मोठी होत जाताना पाहिली. त्याची दाढी वाढली होती, नाक उन्हानं सोललं होतं आणि सॅक बांधून तयार होती. तो काठावर उतरला, आणि आम्ही दोघं एकमेकांपासून दोन हातांवर उभे राहिलो.

"माहीत होतं म्हणजे?" शेवटी मीच म्हटलं.

"पहिल्याच दिवशी मोजलं. लिफ्टमध्ये तळमजला आधी धरावा लागतो. तीस मजले चढायचे तर थांबे एकतीस होतात. सवय आहे." तो मान खाजवत म्हणाला. "म्हणून डोंगरातला एक दिवस कमी केला. जरा पळालो. परवा संध्याकाळीच खाली उतरलो. काल दिवसभर इथे बसलो होतो, आज बाराच्या बसनं फाटकावर निघणार होतो."

"मग मला कळवलं का नाहीस?"

"काय कळवू? आठ वर्षांत तू एकदा चुकलीस, आणि तीही मला एक दिवस जास्त देताना." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तो परत करायचा नव्हता मला."

मला रडू आलं, आणि त्याच वेळी भयंकर राग आला. "अरे, मी विमानात बसले! आयुष्यात पहिल्यांदा! सोळा फोन केले! आत्याला हंगामात एकटीला टाकून आले, आणि तू इथे तेलपाणी करत बसलायस?"

"हो," तो म्हणाला. आता तो हसत होता, फोटोत बाद झाला होता तस्साच. "आणि ऐकू येतं बरं का. खरंच येतं. सांगायचं राहिलं होतं."

तेवढ्यात वारा सुटला आणि पाण्यावर बारीक सुरकुत्या धावल्या. त्यानं माझा हात धरला. मी तो सोडवला नाही.

फाटकाची बस बाराला सुटली. अडीच तासांचा रस्ता, खड्ड्यांचा. खिडकीजवळची जागा त्यानं मला दिली आणि तिसऱ्या वळणावर म्हणाला, "एक विचारायचं होतं. पाचव्या देशातून परत आल्यावर विचारणार होतो. पण तू शेवटापासून वाचतेस, म्हणून शेवटचं आधी विचारतो."

"विचार."

"लग्न करशील माझ्याशी?"

बस एका खड्ड्यात आदळली. सॅक माझ्या मांडीवर आली. मी ती नीट लावली, पट्टे आवळले, मग आणखी एकदा आवळले.

"मी तपासल्याशिवाय सही करत नाही," मी म्हटलं.

"तपास की. अडीच तास आहेत."

मी तपासलं. घरी कोण आहे? आई आणि दोन थोरल्या बहिणी. बहिणी सासरी, पण फोनवरून त्याला अजून दटावतात. रागावला की काय करतो? जिने चढतो. मला हंगामात सुट्टी नसते, चालेल? चालेल, लिफ्टाही हंगाम बघून बिघडत नाहीत. आणि माझ्या घरी?

"बाबांना विचारावं लागेल," मी म्हटलं.

"आणि आत्यांना?"

"तिनंच विमानात बसवलं मला. तिला काय विचारायचं!"

"मग उत्तर?"

"सांगते."

"कधी?"

"सांगते म्हटलं ना..."

फाटक म्हणजे एक पत्र्याची चौकी, एक साखळी, साखळीपलीकडे नदीवरचा लोखंडी पूल, आणि पुलाच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या देशाची तशीच चौकी. रांग सरकत सरकत तीन वाजून चाळीस मिनिटांनी तो खिडकीपुढे उभा राहिला. आतल्या बाईंनी व्हिसाचं पान उघडलं आणि पेनाच्या टोकानं कॅलेंडरवर दिवस मोजायला सुरुवात केली. पाच, सहा, सात... मी त्यांच्याबरोबर ओठ हलवत होते. एकोणतीस. तीस.

"शेवटचा दिवस," बाई म्हणाल्या. "वेळेत आलात." आणि शिक्का मारला. स्वच्छ, शेऱ्याशिवाय.

मी शेजारच्या बाकावर बसले.

तो साखळीच्या पलीकडे गेला आणि वळला. कायद्यानं तो आता तिसऱ्या देशात नव्हता. आमच्या मध्ये कमरेइतकी साखळी होती.

"बावीस दिवसांनी बोटींच्या लिफ्टपाशी असेन," तो म्हणाला. "सव्वीस तारखेला. तिथून तुला सगळं सांगतो, रोज..."

"नको सांगूस," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला.

मी पिशवीतून कागद काढला. कोरे अर्ज माझ्या पिशवीत कायम असतात, पाचही देशांचे. "पाचव्या देशाचा व्हिसा सात दिवसांत होतो. परवा घरी पोचले की लगेच भरते. सव्वीस तारखेला मीच येते. विमानानं. मधले मजले नंतर कधीतरी दाखव."

"खरं?"

"पण ही एक ओळ आत्ताच भरली पाहिजे." मी अर्ज गुडघ्यावर ठेवला. "त्या देशात तुम्हाला भेटणारी व्यक्ती. तुझं नाव लिहिते. पुढे आहे, तुमच्याशी नातं."

"काय लिहितेस?"

"साखळीपासून दूर व्हा!" चौकीतल्या बाई ओरडल्या. "पलीकडची खिडकीही चारलाच बंद होते!"

तो मागेपुढे बघत पुलाकडे सरकला. दहा पावलं. वीस. नदीचा आवाज मोठा होता आणि इथे तळ्यासारखं काही ऐकू जाणार नव्हतं. पुलाच्या मध्यावर तो थांबला आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडला, "काय लिहिलंस?"

मी बाकावर उभी राहिले. आठ वर्षांत मी कुठल्याही चौकीवर आवाज चढवलेला नाही. चढवू नका, असंच सगळ्यांना सांगत आले आहे.

"होणारा नवरा!"

त्यानं तोंडाशी नेलेले हात खाली घेतले. मग सॅकसकट वळला आणि माझ्याकडे धावत सुटला.

"येऊ नकोस!" मी किंचाळले.

"एकच प्रवेश आहे!" बाई खिडकीतून माझ्यापेक्षा मोठ्यानं किंचाळल्या.

तो साखळीपासून पाच पावलांवर घसटत थांबला. दोन्ही हात डोक्यावर, धाप लागलेली, नाक सोललेलं, आणि हसू इतकं, की कुठल्याच देशानं त्याचा फोटो घेतला नसता. आम्ही दोघंही हसत होतो. चौकीतल्या बाईसुद्धा हसत होत्या आणि हातानं त्याला जा, जा म्हणत होत्या.

तीन बावन्न झाले होते. तो निघाला, पण वळला नाही. माझ्याकडे तोंड करून, कठड्याला एक हात लावून, एकेक पाऊल मागे टाकत तो पूल पार करत चौथ्या देशात शिरला. उलटं चालत सीमा ओलांडू नये, असा नियम माझ्या माहितीत तरी कुठल्याच देशात नाही.